घराची बेगमी

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीकडे निघालेल्या पूर्णेला जेथे केळणा येऊन मिळते, त्या संगमावर वसलेला, आजच्या जालना जिल्ह्यातील जाफराबाद हा कसबा मोगल अंमलात जहागिरीचे ठाणे होता. ठाण्याला वेढा पडला म्हणजे त्याचा टिकाव दगडी तटाच्या जाडीवर जितका अवलंबून असे, तितकाच आतल्या कोठारावर आणि विहिरीवर असे. आणि जो न्याय ठाण्याला, तोच या मुलखातील साध्या कुणब्याच्या घरालाही लागू होता, कारण येथे वेढा घालणारा शत्रू बहुधा अवर्षण हाच असे. वर्षाकाठी सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत पडणारा, आणि पुढे आठ महिने कोरडे आभाळ, अशा प्रदेशात संसार करणाऱ्याला मिळकतीआधी शिलकीचा विचार करावा लागतो.

अलीकडे घराच्या ऊर्जास्वावलंबनाचा विषय निघाला की बोलणे थेट छतावरच्या सौर पॅनेलवर येऊन ठेपते. किती किलोवॉटचे घ्यावे, अनुदान किती मिळते, बिल शून्यावर येते की नाही, एवढे तीन प्रश्न विचारून झाले की तयारी पुरी झाली, असा समज सार्वत्रिक आहे. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांचा क्रम उलटा आहे. घर अडचणीच्या काळात टिकते ते प्रथम गरज आटोपशीर असल्यामुळे, नंतर साठा हाताशी असल्यामुळे, आणि सर्वांत शेवटी स्वतः काही निर्माण करता येत असल्यामुळे. आणि हा क्रम सांभाळला तर थोड्या खर्चात जे साधते, ते क्रम मोडून पुष्कळ खर्चातही साधत नाही.

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची रचना या दृष्टीने न्याहाळण्यासारखी आहे. जाड भिंतींच्या आत बांधून काढलेले बळद आणि अंगणात किंवा ओट्याखाली खोदलेले पेव ही धान्याची कोठारे होती, आणि त्यांपैकी पेवाची कार्यपद्धती तर शास्त्रीय दृष्ट्या मोठी मार्मिक आहे. तोंड अरुंद, पोट विशाल असा हा खड्डा आतून लिंपून, तळाशी व कडेला भूस किंवा कडबा घालून, उन्हात खडखडीत वाळविलेल्या ज्वारीने भरीत आणि वर दगड ठेवून चिखलमातीने हवाबंद करीत. आत राहिलेल्या थोड्याशा हवेतील प्राणवायू धान्याच्या व त्यातील किडीच्या श्वसनाने संपत जाई, त्याची जागा कार्बन डायऑक्साइड घेई, आणि कोणतेही औषध न घालता कीड आपोआप गुदमरून मरे. याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूसही जिवानिशी जाण्याचा धोका असे. म्हणून जाणती माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत, दोरीने पेटता दिवा आत सोडून पाहत, आणि तो विझला नाही तरच खाली उतरत. आज बाजारात धान्यासाठी ज्या हवाबंद प्लास्टिक पिशव्या मिळतात, त्यांचे तत्त्व तंतोतंत हेच आहे; फरक इतकाच, की त्या पेवापेक्षा स्वस्त आणि निर्धोक आहेत.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची मर्यादा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बळद एका वर्षाची तूट भरून काढी. १९७० नंतर लागोपाठ तीन हंगाम कोरडे गेले, तेव्हा घरोघरची बळदे झाडून निघाली, लोकांनी आयात केलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, आणि मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. त्या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि पुढे २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. घराचा साठा काही महिने, फार तर एक वर्ष, धीर देतो. त्यापुढे समाज आणि सरकार यांचीच गरज लागते. साठ्याचे खरे मोल हे, की तो मदत पोहोचेपर्यंतचा अवधी मिळवून देतो, आणि त्या अवधीत बैल, दागिना किंवा जमीन पडत्या भावात फुंकण्याची पाळी येऊ देत नाही.

पुढे वीज, नळ, गॅसची टाकी आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकान आले, आणि घरातील एकेक कोठार रिकामे झाले, कारण लागेल तेव्हा वस्तू येऊ लागली. या सोयींनी, विशेषतः स्त्रियांचे, जे कष्ट वाचविले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु हे सारे प्रवाह आहेत, आणि प्रवाह अचानक थांबतो: २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागाने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले, २०१२-१३ मध्ये जालना शहराने टँकरवर दिवस काढले, आणि मार्च २०२० मध्ये साऱ्या देशाने बंद दुकाने पाहिली. ही धास्ती केवळ गरीब मुलखाची आहे असेही नाही. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये संकटकाळी काय करावे याची पुस्तिका देशातील प्रत्येक घरी पाठविली आणि २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. जर्मनीचे नागरी संरक्षण खाते नागरिकांना दहा दिवसांचे अन्न आणि माणशी रोज दोन लिटर पाणी घरात ठेवण्यास सांगते. आपल्या आजीला हा सल्ला अपुरा वाटला असता.

बेगमीचा आरंभ पाण्यापासून करावा, कारण विजेविना महिना काढता येतो, पाण्याविना तीन दिवसही नाही. एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर किंवा पत्र्यावर ६५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे साठ हजार लिटर पाणी पडते, आणि गळती, उडणे, पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी हे सारे वजा जाता अठ्ठेचाळीस हजार लिटरच्या आसपास हाती लागू शकते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास रोज तीस लिटर धरले, तर फेब्रुवारीपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंतच्या साडेचार महिन्यांना चार हजार लिटर पुरतात. म्हणजे पाच हजार लिटरची एक झाकलेली टाकी अख्खा उन्हाळा निभावून नेते. ती भरताना पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्यावे, पुढचे वाळू-खडी-कोळशाच्या थरांतून गाळून घ्यावे, टाकीत उजेड आणि डास यांना वाव ठेवू नये, आणि पिण्यापूर्वी पाणी उकळावे किंवा क्लोरीनचे द्रावण नेमक्या प्रमाणात घालावे. मातीच्या माळवदावरून असे पाणी धरता येत नाही, हे मात्र खरे. तेथे अंगणातील पडवीचे पत्रे उपयोगी पडतात.

धान्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. माणशी रोज चारशे ग्रॅम ज्वारी-गहू-बाजरी धरली तर पाच जणांना वर्षाला सव्वासात क्विंटल लागते, आणि सत्तर ग्रॅमप्रमाणे तूर, मूग, हरभरा मिळून सव्वा क्विंटल. दाताखाली दाणा कटकन फुटेल इतका तो वाळलेला असावा, म्हणजे ओलावा बारा टक्क्यांच्या आत येतो. मग हवाबंद पिशवी किंवा कोठी आणि त्याबरोबर, हवी तर, निंबाचा वाळलेला पाला. भाजीची तरतूद आपल्या घरातल्या बायका चैत्र-वैशाखातील उन्हाच्या भरवशावर करीत आल्याच आहेत: सांडगे, कुरडया, गवारीच्या वाळविलेल्या शेंगा, वांग्याच्या उसऱ्या. सौरऊर्जेचा इतका व्यापक आणि इतका बिनखर्ची उपयोग दुसरा नाही, आणि तरीही ऊर्जेच्या कोणत्याही कोष्टकात त्याची नोंद होत नाही.

ऊर्जेची पहिली बचत घराच्या बांधणीत असते. माळवदाच्या घरात तुळयांवर किलचण, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा वीतभर थर असे; दुपारचे ऊन या थरातून खाली उतरता उतरता रात्र होई, आणि तोवर बाहेरची हवा निवालेली असे. दरसाल पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी पांढरी माती टाकावी लागे आणि तरीही एखादी धार गळेच, म्हणून लोकांनी जालन्याच्या सळया आणून स्लॅब टाकले, यात त्यांचे काही चुकले नाही. परंतु चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता झोपलेल्या माणसांवर ओततो, म्हणून पंखा लागतो, पंख्याने भागत नाही म्हणून कूलर लागतो, आणि कूलरला पुन्हा वीज व पाणी ही दोन्ही लागतात. फाल्गुनात छताला पांढऱ्या चुन्याचे दोन हात देणे, पश्चिमेच्या भिंतीवर वेलाची किंवा ताट्यांची सावली करणे, आणि वरच्या अंगाला गरम हवा निघून जाण्यास झरोका ठेवणे या तीन गोष्टींचा खर्च एका कूलरहूनही कमी येतो.

आता विजेकडे वळू. घरात साठ वॉटचे पाच दिवे पाच तास, पंचाहत्तर वॉटचे दोन पंखे दहा तास आणि जुना टीव्ही तीन तास चालला, तर दिवसाला सव्वातीन युनिट लागतात. त्याच जागी नऊ वॉटचे एलईडी दिवे, तीस वॉटच्या आसपास वीज घेणारे बीएलडीसी पंखे आणि नवा टीव्ही आला, तर मोबाइलच्या चार्जिंगसकट काम एका युनिटात भागते. या फरकाचा खरा अर्थ बॅटरी घेताना कळतो. इन्व्हर्टरसोबत सामान्यतः मिळणारी बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवर्सची शिसे-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट साठविते. परंतु ती निम्म्यापेक्षा अधिक रिकामी करीत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून व्यवहारात हाती येतात ०.९ युनिट. पहिल्या घराला अशा चार बॅटऱ्या लागतील. दुसऱ्या घराचे, थोडी काटकसर केली तर, एकीवर निभावेल. म्हणूनच दिवे आणि पंखे बदलण्यावर खर्चिलेला रुपया बॅटरीवरचे कितीतरी रुपये वाचवितो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग खरी, पण तिच्यातील बहुतेक सारा साठा वापरता येतो आणि तिला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागत नाही. शिसे-आम्लाची असेल तर ती हवेशीर जागी, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. इस्त्री, गीझर, इंडक्शनची शेगडी ही तापविणारी उपकरणे मात्र बॅटरीवर कधीच चालवू नयेत. आंघोळीच्या पाण्याला पऱ्हाट्यांवर पेटणारा तांब्याचा बंब आजही पुरेसा आहे.

गरज अशी ठरल्यावर पॅनेलचा विचार करावा. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते आणि शंभर चौरस फूट जागा घेते. जाफराबाद साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तोंड दक्षिणेकडे आणि कल वीस अंशांच्या जवळपास असावा. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, ही समजूत अर्धवट आहे: प्रकाशाने वीज वाढते, उष्णतेने ती घटते. पंचवीस अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती कमी होत जाते, आणि मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग साठ-पासष्ट अंशांवर गेला की सातवा हिस्सा तेथेच जातो. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतके उंच घ्यावे, आणि धूळ सकाळी, काच तापण्यापूर्वी, धुवावी.

परंतु सर्वांत मोठा घोटाळा येथे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि बसविले जाणारे बहुतेक संच महावितरणच्या तारेशी जोडलेले, बॅटरीविना असतात. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तारेतून परत घेतली जाते, आणि नेट मीटर दोहोंची वजावट करतो. बिलाच्या दृष्टीने हा सौदा उत्तम आहे. मात्र तारेतील वीज गेल्याबरोबर अशा संचाचा इन्व्हर्टर, डोक्यावर सूर्य तळपत असतानाही, स्वतःला बंद करून घेतो. यात त्याचा दोष नाही. तार दुरुस्त करण्यास खांबावर चढलेल्या वायरमनला शेकडो छतांवरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तसा नियमच आहे. परिणाम असा, की बिलातून मुक्त झालेला गृहस्थ भारनियमनात शेजाऱ्याइतकाच अंधारात बसतो. ज्याला दोन्ही हवे असेल त्याने हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा, जो वीज जाताच घर तारेपासून तोडून बॅटरी आणि पॅनेल यांच्यावर चालवितो. आणि दिवे, दोन पंखे, मोबाइल, शक्य तर औषधांपुरता लहान फ्रिज, एवढ्याच आवश्यक जोडण्या त्याच्या स्वतंत्र बोर्डावर घ्याव्यात. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटाची वीजव्यवस्था उद्ध्वस्त केली आणि ती पूर्ववत होण्यास जवळजवळ वर्ष लागले, तेव्हा आदहुंतास या डोंगराळ गावातील कासा पुएब्लो नावाच्या लोकसंस्थेचे घर स्वतःच्या पॅनेल-बॅटरीवर उजळत राहिले, आणि लोक मोबाइल व श्वसनाची यंत्रे चालविण्यास तेथे येत. अनुदानाच्या अर्जापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या ग्रामपंचायतीसाठी अशा एका खोलीचा विचार करावा.

स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न विजेपेक्षा अवघड आहे. गोबरगॅसची महती आपल्याकडे जुनी. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत त्याचा ध्यास घेतला, आणि पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे-पिठावर चालणारे घरगुती संयंत्र सिद्ध केले, ज्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणावरच्या दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. आणि त्यातून निघणारी मळी शेताला उत्तम खत होते. पण अवर्षणात हेच संयंत्र प्रथम बंद पडते, कारण जनावरे चारा छावणीत गेलेली किंवा विकलेली असतात आणि पाणी माणसालाच पुरत नाही. जे साधन सुबत्तेत चालते आणि टंचाईत अडते, त्याच्यावर एकट्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

म्हणून इंधनाचे तीन पदर असावेत: रोजच्यासाठी गॅस, तोही एक भरलेली टाकी कायम शिलकीत ठेवून, उन्हाळ्यात डाळ-भात शिजविण्यास सौर पेटी, आणि अडीअडचणीला धुराडे असलेली निर्धूर चूल. कापसाच्या या मुलखात चुलीला पऱ्हाट्यांची वाण नाही. परंतु येथे एक इशारा द्यावा लागतो. गुलाबी बोंडअळी पऱ्हाट्यांवर राहिलेल्या बोंडांत दडून राहते आणि पावसाबरोबर बाहेर पडून नव्या पिकावर जाते. २०१७ मध्ये राज्यातील कापूस उत्पादकांनी तिचा तडाखा सोसला आहे. पऱ्हाट्यांची गंज त्यामुळे उन्हाळ्यातच संपवावी आणि पावसाळ्यासाठी तुराट्या व बाभळीचे सरपण राखावे. आणखी एक युक्ती बिनखर्ची आहे: उकळी फुटलेले पातेले झाकणासह भूस किंवा जुन्या गोधड्या भरलेल्या पेटीत दडपून ठेवले की भात, खिचडी, भिजविलेली मूगडाळ पुढील तास-दीड तासात आपल्याच उष्णतेवर शिजते, आणि आच लागते केवळ उकळीपुरती.

येथवर सांगितलेले सारे एका घराच्या हातातले आहे. त्याच्या हाताबाहेर राहतो तो सर्वांत मोठा साठा, जमिनीखालचा; आणि ऊर्जेचे स्वावलंबन त्याला धक्का लावू शकते, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, हिस्सा भरला की पंप मिळतो. रात्री-बेरात्री मोटार सुरू करण्यास अंधारात जाण्याची, विंचूकाट्याची भीती त्यामुळे गेली, हे मोठेच काम झाले. पण ऊन फुकट असल्याने उपशाला बिलाचा लगाम उरत नाही, आणि दिवसभर चालणारा पंप मार्चमध्ये आटणारी विहीर जानेवारीतच आटवू शकतो. विहीर उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरलेले पाणीही वाढत नाही. ते जमिनीखालून काढून उन्हाच्या तोंडी ठेवले जाते एवढेच.

याच जिल्ह्यातील कडवंचीचा धडा येथे कामास येतो. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, १९९६ पासून पुढील काही वर्षांत त्या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध आणि ओघळींवरचे बंधारे यांची कामे केली. शेततळी आणि द्राक्षबागा आल्या त्या नंतर, आणि २०१२ च्या अवर्षणात त्या बागा तगल्या. आधी जिरविले, मग उपसले, हाच क्रम तेथे पाळला गेला, आणि घरासाठी सांगितलेला क्रमही वेगळा नाही. जाफराबाद तालुक्यातील गावांनी दसऱ्याच्या सुमारास, रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वी, विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा, आणि जमेच्या मानाने ज्वारी-हरभरा किती, गहू किती, बागायत किती हे ठरवावे. तहसिलीत पैसेवारी लागण्याची वाट पाहण्याची गरज नाही; विहिरीत दोर सोडून पातळी मोजण्यास कोणाची मंजुरी लागत नाही.